नावेचं नाव

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हणजे प्रॉडक्शनमध्ये काहीतरी कोसळलं, या विचाराने पोटात गोळाच आला. पण फोन हापिसातून नव्हता, सिएटलहून होता. कॉलेजातला मित्र, मूळचा ठाण्याचा, चार वर्षं झाली तिकडे आहे.

"अरे, बोट घेतली."

"कसली बोट?"

"शिडाची. सेकंडहॅण्ड आहे, तिघांत मिळून घेतली. पण एक लोचा झालाय. तुझ्या ओळखीत कोणी भटजी आहेत का?"

मला वाटलं पूजा घालायची असेल. इथे नवीन अ‍ॅक्टिव्हा घेतली तरी आपण लिंबू-मिरची बांधतो, नारळ फोडतो, ही तर अख्खी बोट. पण भानगड वेगळी होती. बोटीचं नाव होतं 'लिंडा जे.' आणि या तिघांना ते बदलून 'साळुंकी' ठेवायचं होतं. (या गड्याला शिडाचं वेड लागलं ते दिलीप दोंदे यांच्यामुळे. 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तेव्हा आम्ही शाळेत होतो.) तर, नाव बदलणार म्हटल्यावर धक्क्यावरचे म्हातारे खलाशी एकदम गंभीर झाले. असं करू नका पोरांनो, बोटीचं नाव बदलणं वाईट. बदलायचंच असेल तर आधी रीतसर विधी करा.

विधी ऐकून मी गादीवर उठून बसलो. समुद्रदेव पोसायडनच्या वहीत जगातल्या प्रत्येक नौकेचं नाव लिहिलेलं असतं म्हणे. ते परस्पर बदललं तर त्याला वाटतं आपल्याला फसवलं. म्हणून आधी जुन्या नावाचा मागमूस पुसायचा. मागचं रंगवलेलं नाव खरवडायचं, जीवरक्षक कड्यांवरचं घालवायचं, किल्लीच्या छल्ल्यावर आणि लॉगबुकात असेल तर तेही. मग धातूच्या पट्टीवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने जुनं नाव लिहून ती पट्टी समुद्रात सोडायची आणि वहीतून हे नाव काढून टाक अशी देवाला विनंती करायची. शॅम्पेन ओतायची. त्यानंतर नवीन नावासाठी पुन्हा प्रार्थना, पुन्हा शॅम्पेन, आणि चारी दिशांच्या वाऱ्यांना एकेक घोट. हे सगळं होईपर्यंत नवीन नाव लिहिलेली एकही वस्तू बोटीवर आणायची नाही.

माझ्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. आधी डिलीट, मग कमिट, मग इन्सर्ट! पोसायडनचा डेटाबेस बराच कडक दिसतो.

मित्राला म्हटलं, झोपू दे, शनिवारी बघतो. आणि शनिवार-रविवार खरंच यातच गेला.

पहिली गोष्ट म्हणजे हा विधी ग्रीक देवाच्या नावाने चालत असला तरी आज सांगतात त्या रूपात तो काही ग्रीकांइतका जुना नाही. ग्रीकांकडे शॅम्पेन नव्हती, एवढ्यावरूनच कळतं. पण भीती मात्र जुनी आहे. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मध्ये, म्हणजे 1883 च्या पुस्तकात, लाँग जॉन सिल्व्हर नावाचा एकपायी चाचा हेच बजावतो की जहाजाचं बारसं ज्या नावाने झालं तेच राहू द्यावं. दाखला देतो बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या खऱ्याखुऱ्या चाच्याच्या टोळीचा. हा रॉबर्ट्स पकडलेल्या जहाजांना एकामागून एक 'रॉयल फॉर्च्यून' हेच नाव देत सुटला होता. 1722 मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिश युद्धनौकेशी लढताना मेला.

इथे मी जरा थांबलो. जहाजांची नावं मुळात बदलत कोण होतं? चाचे! एक उदाहरण तर आपल्या अगदी दारातलं आहे. 1694 मध्ये स्पेनच्या बंदरात 'चार्ल्स द सेकंड' नावाच्या इंग्रजी जहाजावर बंड झालं. हेन्री एव्हरीने जहाज ताब्यात घेतलं, पहिल्यांदा नाव बदलून 'फॅन्सी' केलं आणि थेट आपल्या बाजूच्या समुद्रात आला. 1695 च्या सप्टेंबरात त्याने सुरतेच्या वाटेवर औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' हे मक्केहून परतणारं जहाज लुटलं. लूट प्रचंड होती, बायकांवर अत्याचार झाले. एव्हरी कायमचा गायब झाला आणि त्याचं बिल फाडलं गेलं सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांच्या नावाने. बादशहाने त्यांना कैदेत टाकलं. मुंबईवर चालून जायची भाषा सुरू झाली.

म्हणजे बंदरात एखादं जहाज आलं आणि त्याच्या नावावरचा रंग ओला दिसला, तर जुन्या खलाशाच्या पोटात गोळा यायला पोसायडनची गरज नव्हती. हे चोरीचं असेल. याच्यावर कर्ज असेल. हे कुठेतरी आपटून, कसंबसं डागडुजी करून विकलेलं असेल आणि अर्ध्या समुद्रात फुटेल. नावाखेरीज ओळख पटवायला होतं काय? ना चासी नंबर, ना आरसी बुक. लॉइड्सची विमेवाल्यांसाठीची जहाजांची नोंदवही 1760 च्या दशकात सुरू झाली तीही नावांच्याच क्रमाने. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की म्हणून चक्क नाव वापरलं होतं. डेटाबेसचा पहिलीतला विद्यार्थीही सांगेल की हे करू नये, कारण नाव बदललं की मागचे सगळे धागे तुटतात. इंग्रजांना हे सुचायला 1854 उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने प्रत्येक नोंदणीकृत जहाजाला एक अधिकृत क्रमांक आला, तो जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरायचा. नाव बदला, मालक बदला, तुळईवरचा आकडा तोच. पुढे नाव बदलायलाही सरकारी परवानगी लागू लागली.

माझा अंदाज असा की ही अंधश्रद्धा म्हणजे रजिस्टर नसलेल्या काळातलं रजिस्टर होतं. परवानगी देणारं ऑफिस नव्हतं, म्हणून पोसायडनला खुर्चीवर बसवलं.

आता तुम्ही म्हणाल, अंदाज ठीक आहे, पण नाव बदललेल्या जहाजांचं प्रत्यक्षात काय झालं? मीही तेच शोधत होतो. आणि इथे मला मुंबईत बांधलेलं एक जहाज सापडलं, त्याच्यासाठी हा सगळा लेख.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. मलबारी सागाची ही जहाजं इंग्लंडच्या ओकपेक्षा जास्त टिकतात हे ब्रिटिश आरमाराला कळल्यावर त्यांनी इथे युद्धनौका बांधून घ्यायला सुरुवात केली. त्यातली एक 'ट्रिंकोमाली'. तिची सुरुवातच अपशकुनी म्हणावी अशी. 1812 मध्ये तिचे नकाशे ज्या जहाजातून मुंबईला निघाले ते 'जावा' अमेरिकनांनी वाटेतच बुडवलं. नकाशे दुसऱ्यांदा पाठवावे लागले. मग 1816 मध्ये जमशेदजी बोमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्याच्या लाकडात चांदीचा खिळा ठोकला आणि 12 ऑक्टोबर 1817 ला ती पाण्यात उतरली.

म्हणजे पेशवाई बुडाली त्याच्या आदल्या वर्षी. तोपर्यंत नेपोलियनची युद्धंही संपली होती, त्यामुळे लढायला तयार केलेली ही नाव इंग्लंडला गेली आणि पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली गेली. नंतर दहा वर्षं समुद्रावर, मग पोरांना खलाशीगिरी शिकवायची तरंगती शाळा, आणि 1897 मध्ये भंगारात.

त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या एका श्रीमंत इंग्रजाची नौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटली. साधीसुधी नव्हे, नेल्सनचं निशाण मिरवलेली 'फूद्रोयां'. गड्याने ती भंगारातून सोडवून, पैसा ओतून उभी केली होती. तिच्या जागी त्याने भंगारवाल्याकडून 'ट्रिंकोमाली' घेतली आणि तिला नाव दिलं... 'फूद्रोयां'!

विचार करा. नुसतं नाव बदललं नाही, नुकत्याच फुटलेल्या नावेचं नाव दिलं. आपल्याकडे अपघातात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला ठेवायचं म्हटलं तर घरात किती चर्चा होईल! खलाशांच्या पोथीप्रमाणे हिने पहिल्या वादळातच तळ गाठायला हवा होता. त्याऐवजी ती नव्वदेक वर्षं दुसऱ्याच्या नावाने जगली. दोन महायुद्धं पाहिली. 1986 पर्यंत तिच्यावर मुलं शिकत होती. 1987 मध्ये तिला हार्टलपूलला नेऊन दुरुस्ती सुरू झाली. 1992 मध्ये तिला तिचं मूळ नाव परत दिलं. आज ती तिथेच आहे, तरंगते आहे. ब्रिटनची अजून पाण्यावर असलेली सगळ्यांत जुनी युद्धनौका म्हणजे मुंबईच्या कारागिरांनी बांधलेली, दोनदा नाव बदललेली ही नाव. मला तर वाटतं वाडियांचा चांदीचा खिळा पोसायडनच्या वहीपेक्षा भारी ठरला. म्हणजे तेही अंधश्रद्धेतच जमा, पण आपली ती आपली :)

आपलं आरमार तर या बाबतीत अगदीच बिनधास्त. लहानपणी बाबांनी मुंबईत 'विक्रांत' दाखवली होती, तेव्हा ती संग्रहालय होती. तिचं मूळ नाव 'हर्क्युलिस'. 1945 मध्ये पाण्यात उतरली, अर्धवट पडून राहिली, आपण 1957 मध्ये घेतली आणि 1961 मध्ये 'विक्रांत' म्हणून दाखल केली. 1971 च्या युद्धात तिने बंगालच्या उपसागरात काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. 'विराट'ची तर तीन नावं. बांधायला घेतली तेव्हा 'एलिफंट', उतरवली तेव्हा 'हर्मिस', 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांची मुख्य नौका, आणि 1987 पासून आपली 'विराट', ती 2017 पर्यंत. हत्तीचं विराट झालं म्हणजे अर्थाने फार लांब गेली नाही बिचारी. उलट बाजूनेही एक सांगतो, नाहीतर सोयीचीच उदाहरणं निवडली म्हणाल. आपली 'विक्रमादित्य' मूळची 'बाकू', सोव्हिएत संघ मोडताना 'अ‍ॅडमिरल गोर्श्कोव' झाली आणि 1994 मध्ये तिच्या बॉयलरच्या खोलीत स्फोट झाला. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तर मान डोलावतील.

नाव बदलून काय लपतं आणि काय लपत नाही, हे बघायचं तर गुजरातेत अलंगला जावं, जिथे जगभरची जहाजं तोडायला येतात. 1989 मध्ये 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे टँकर अलास्कात खडकावर चढलं आणि कोटीभर गॅलन तेल समुद्रात गेलं. दुरुस्तीनंतर त्याचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं, मग पुन्हा... शेवटी 2012 मध्ये ते 'ओरिएंटल नाइसिटी' या गोंडस नावाने अलंगच्या दारात उभं राहिलं. तरीही सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण गेलंच, कारण 'हे तेच' हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमेरिकनांनी तर 1990 च्या कायद्यात या जहाजाला अपघाताच्या जागी परत यायची बंदी केली तीही नाव न घेता. अमुक तारखेनंतर इतकं तेल सांडलेलं कुठलंही जहाज, असं लिहिलं. याला म्हणतात क्वेरी! 1996 पासून तर मोठ्या व्यापारी जहाजांना जन्मभर एकच आंतरराष्ट्रीय क्रमांक सक्तीचा आहे.

आता आपल्या खाडीकडे येऊ. डोंबिवलीहून स्लो गाडीने ठाण्याला जाताना मुंब्र्याला खाडी दिसते. दारात लटकलेला असलो तरी मी एकदा तिकडे बघतोच. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी याच पट्ट्यात जहाजं बांधायला घेतली. आज तिथून बघणाऱ्याला हे पटणं कठीण, पण आपण आरमाराच्या जन्मगावी राहतो. मग आपल्याकडे नावेचं नाव बदलायची भीती आहे का? आमच्या टीममध्ये ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला एकजण आहे, त्याला सोमवारी चहाला गाठलं.

"भीती कसली? जुनी होडी घेतली की आपलं नाव टाकायचं. एकविरा आईचं, नायतर पोरीचं. पूजा करायची, नारळ द्यायचा. नारळी पुनवेला परत नारळ."

"आणि जुनं नाव?"

"रंगाखाली. पण नंबर तोच राहतो हां. तो बदलता येत नाय."

संपला विषय. वही नाही, शॅम्पेन नाही, जुन्या नावाची क्षमा मागणं नाही. मला आधी याचा अभिमान वाटला. बघा, आपण किती मोकळे! मग संध्याकाळी घरी आलो आणि आजी दिसली.

गेले सहा महिने आमच्या घरी एक प्रकरण चालू आहे. आजीच्या माहेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव आहे, ते माहेरचं. आधार कार्डावर, बँकेत, रेशन कार्डावर आहे ते सासरचं. आडनाव नुसतं नव्हे, पहिलं नावही वेगळं. 1963 साली कल्याणला लग्न झालं तेव्हा आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले, झालं. अशी ही दोन नावांची बाई एकच आहे हे आता एका कार्यालयाला पटवून द्यायचंय. लग्नाचा दाखला नाही, तेव्हा कोण काढत होतं? शाळेचा दाखला जुन्या नावाचा. मधला धागाच नाही. एव्हरीच्या 'फॅन्सी'ला तरी मागे कोणीतरी शोधत होतं.

समुद्रावर लोक लाकडाच्या नावेचं नाव बदलायला घाबरत होते, देवाची परवानगी मागत होते, पुढे तर तिला कोरीव क्रमांक दिला. आणि आपण घरोघरी, पिढ्यान्‌पिढ्या, अर्ध्या माणसांची नावं तांदळात लिहून बदलली आणि जुन्याची नोंदही ठेवली नाही. मराठीत तर दोन्हीला शब्दही एकच. ती नाव, ते नाव.

शेवटी वकिलांनी प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. 'मी अमुक ऊर्फ अमुक...' सही दोन्ही नावांनी करायची होती. आजी टेबलाशी बसली. सासरच्या नावाची सही झरकन केली. माहेरच्या नावाला पेन टेकवलं, दोन अक्षरं लिहिली आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "शेवटचं अक्षर ऱ्हस्व का दीर्घ रे?"

मला काय माहीत? सातबारा उघडून बघितला. तिथे ऱ्हस्व होतं. तिला ते पटलं नाही. मास्तरांनी दीर्घ शिकवलं होतं म्हणाली. पण वकील म्हणाले, कागदावर असेल तेच लिहा. तिने लिहिलं.

मित्राला मी रविवारी रात्री उलट फोन केला. भटजी नको म्हटलं, नारळ फोड. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बोटींवर 1972 पासून बारा अक्षरी ओळख क्रमांक लागतो. तुझ्या बोटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे वर बघ, असेल. तो आहे तोवर पोसायडनला बोट सापडेल. आणि 'लिंडा जे.'ची पाटी फेकू नकोस, आत केबिनमध्ये लाव. हे खलाशांच्या पोथीच्या अगदी विरुद्ध आहे, त्यामुळे धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगू नकोस.

काल त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. पांढऱ्या बोटीवर देवनागरीत 'साळुंकी', पुढे नारळाची शकलं, मागे दोन गोरे म्हातारे साशंक चेहऱ्याने उभे. नारळ इंडियन स्टोअरमधून आणला म्हणे, आणि आत खवट निघाला. आजीला फोटो दाखवला. चष्मा लावून तिने मोठा करून पाहिला. छान आहे म्हणाली.

"सेकंडहॅण्ड आहे ना? मग आधीचं नाव काय होतं हिचं?"

"लिंडा."

"कोण होती?"

मित्राला विचारलं. त्यालाही माहीत नाही. आधीच्या मालकाला मेल टाकतो म्हणालाय.